तेराव्या महिन्यातले आबा

१२ एप्रिल १९३४, गुरुवार. धानोरा.
शाळा सकाळची. चौथीकडून 'वृद्धांची सेवा करावी' हे वाक्य वीस वेळा लिहून घेतलं. मोठे इन्स्पेक्टर येणार आहेत, त्यांना असली वाक्यं सुवाच्य लागतात. पोरांनी सेवेतला 'वा' इतका झोकदार काढला की सेवा नाही केली तरी चालेल.

घरी आलो तर बायको, जमना, चूल न पेटवता बसलेली. माहेरचा निरोप होता. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील, आबा, विहिरीच्या पायरीवरून घसरले, खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर. तिन्ही भावांनी बाप महिन्यामहिन्यानं वाटून घेतला: एक महिना दौलत, एक हिंमत, एक भिका, की परत दौलत. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी खाट उचलायची आणि पुढच्याच्या ओसरीवर नेऊन ठेवायची. गावात याला न्याय म्हणतात.
आता यंदा वैशाख दोन. चैत्र दौलतचा, तो उद्या संपतो. हिंमत म्हणतो, माझा वैशाख खरा तो, पुढचा, हा अधिक. भिका म्हणतो, मी ज्येष्ठाचा धनी. मुलगे तीन, बाप एक, आणि महिना कुणाचाच नाही.
मी हसलो. ज. हसली नाही.

१४ एप्रिल, शनिवार. अधिक वै. शु. १
दुपारी दारात बैलगाडी. दौलत आणि भिका. दौलतच्या हातात पितळी ताट, वर रुमाल, रुमालावर दिवा. तेहतीस अनारसे. मागे गाडीत, गवतावर, आबा.
"दाजी, धोंड्याना महिना शे. जवाईले वाण देनं पडस."
"ताटात वाण. आणि गाडीत?"
"गाडीमा आबा शेतस."
त्यांच्या जोशीबुवांनी निर्णय दिला म्हणे: मलमासात नवी जबाबदारी अंगावर घेऊ नये, या महिन्यात जे काही द्यायचं ते जावयाला. तिघांनी ऐकलं आणि तिघांचीही धर्मबुद्धी एकदम जागी झाली. वाणात अनारसे देतात, तांब्याचं भांडं देतात, हात सैल असेल तर धोतर देतात. सासरा देतात हे मला माहीत नव्हतं.
हिंमत आला नाही. पोट दुखतं. त्याचं पोट महिना बदलला की दुखतं.
"तुम्ही शिकेल मानूस," दौलत म्हणाला. शिकलेल्या माणसानं हगलं-मुतलं काढावं असं कुठल्या पुस्तकात आहे ते त्यानं सांगितलं नाही. चहाबरोबर दोघांनी वाणातलेच सहा अनारसे खाल्ले आणि बैलांचं तोंड फिरवलं.

खाट आतल्या खोलीत लावली. ज.नं पाण्याचा तांब्या पुढे केला. आबांनी तोंड वळवलं.
"बई, मी आठे पानी पिवाव नही."
नियम सर्वांना पाठ आहे. मुलीला मूल झाल्याशिवाय बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. सांगायची गरज नव्हती.
मुलांनी मात्र याची सोय केली आहे. गाडीतून स्वतःच्या विहिरीची एक घागर आणि एक पोतं ज्वारी पाठवली. घागर दर दोन दिवसांनी नवी येईल, असं दौलत शपथेवर सांगून गेला. त्याच्या शपथा मी बावीस वर्षं ऐकतो आहे.

१६ एप्रिल
आबांना कूस बदलून द्यावी लागते. ज. खांद्याशी, मी पायाशी. मी भिंतीवरच्या पालीकडे बघत उचलतो. पाठीवर दोन जखमा, एक तर मुठीएवढी. दोन वर्षांत तीन सुनांपैकी एकीनंही ती पाहिली नसावी, किंवा पाहून पदर पुढे ओढला असावा. ज. कडुलिंबाचा पाला उकळून धुते. आबा ओरडत नाहीत. "हाऊ पोऱ्या शायमा जास का अजून?" असं माझ्याबद्दल तिला विचारतात. पंचेचाळिशीचा मास्तर मी, शाळेत जाणारा पोऱ्या.

भाकरी घरच्या ज्वारीची, म्हणजे चालते. ती मळायला पाणी लागतं. ज. बोलत नाही, मी बोलत नाही, आणि आबांनी सत्तर वर्षं भाकरी खाल्ली आहे, त्यांनाही ठाऊक आहे.

१८ एप्रिल
घागर संपली. गाडी नाही.
रजा टाकून नंदुरबारला गेलो. डॉक्टर भला माणूस, खुर्ची दिली.
"घेऊन या त्यांना."
"उठता येत नाही. म्हणून तर आलो."
"उठता येत नसेल तर मी तिथे येऊन काय करू?"
यात काहीतरी चूक आहे असं मला वाटलं, पण तोवर पुढचा रोगी आत आला होता. तो स्वतःच्या पायांनी आला होता, म्हणून लायक.
नर्सबाईंना विचारलं. त्या गावोगाव जातात असं ऐकलं होतं. "बाळंतपण असेल तरच." म्हटलं, म्हातारा त्र्याहत्तरीचा आहे, जमलं तर कळवतो. हसल्या नाहीत. नर्सबाईंचंही बरोबर, वरून हुकूम तेवढाच आहे. आपल्याकडे माणसानं जन्मावं म्हणून सरकार घरी येतं. नंतरचं त्यानं चालत येऊन दाखवावं.

१९ एप्रिल
आबांचे ओठ सालपटलेले. काल दिवसभर एक पेला, तोही घागरीच्या तळचा. ज.नं दोनदा तांब्या नेला, दोनदा परत आणला.
सकाळी आबाच म्हणाले, "पोईनं पानी चालस. ते कोना घरनं नही."
बरोबर. केसरीमल शेठजींची पाणपोई सडकेवर, वडाखाली. शेठजींचं गावात किराणा-कापडाचं दुकान, आणि ते आमच्या ग्रामसेवा मंडळाचे अध्यक्ष. तांब्या घेऊन गेलो. पोईवर गोसावी बसतो, तो रांजणावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, हाई वाटसरूनं पानी शे. भरी लई जावानं नही. ज्याले तहान, त्यानी आठे येवानं."
"कुणी सांगितलं?"
त्यानं पाटीकडे बोट केलं. 'पाणी येथेच प्यावे. भरून नेऊ नये.' अक्षर वळणदार. गेल्या उन्हाळ्यात शेठजींनी माझ्याकडूनच रंगवून घेतली होती.

२० एप्रिल
शेवटी खाटच नेली. मी, शेजारचा नथू, त्याचे दोन भाऊ. चौघांच्या चार खांद्यांवर. ऊन फार म्हणून ज.नं आबांच्या तोंडावर पांढरं उपरणं टाकलं. वेशीपाशी बाया बाजूला झाल्या, एकानं पागोटं काढलं, एकानं हात जोडले. उपरण्याखालून आबा म्हणाले, "हळू चाला रे, मी मरेल नही."
पोईवर उताणेच चार पेले प्यायले. पाचवा मागितला. गोसाव्याला हरकत घेता येईना. वाटेनं आला तो वाटसरू.
रोज सकाळ-संध्याकाळ हेच करायचं ठरलं. नथू मोबदल्यात काही मागत नाही, फक्त संबंध वाटभर बोलतो. मोबदला बरा होता.

२४ एप्रिल
फिरता दवाखाना आला. दर पंधरवड्याला चावडीपुढे गाडी उभी राहते, कंपाउंडर मागची फळी उघडतो. म्हटलं, दीडशे पावलांवर माझं घर आहे, आबांच्या जखमा एकदा बघा.
"आम्हाला गाडी सोडता येत नाही, मास्तर. औषधं उघडी."
"फळी बंद करा."
"फळी बंद केली तर दवाखाना बंद झाला असा अर्थ होतो."
लाल औषध एक बाटली दिलं. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याला खोकल्यासाठी तेच दिलं, मागच्या बाईला पोटासाठी तेच. दवाखाना फिरता आहे यात शंका नाही. रोग्याभोवती तेवढा फिरत नाही.

२९ एप्रिल, रविवार
ग्रा. मंडळातर्फे चावडीत दिव्याच्या चित्रांचं व्याख्यान. धुळ्याचे वक्ते, खादीची शुभ्र टोपी, आवाज मधाळ. विषय: 'खेड्यातील वृद्धांची गृहसेवा.' पडद्यावर कुठल्या तरी थंड देशातली म्हातारी, पांढऱ्या चादरीत, शेजारी टोपीवाली परिचारिका, खिडकीत फुलं. वक्ते म्हणाले, आपणही असं करू शकतो. नथूनं विचारलं, "ते फुलं कसाना शेतस?" एवढा एकच प्रश्न आला.
वक्ते जेवायला माझ्याकडे. गावात येणारा प्रत्येक उपदेशक मास्तराच्या घरी जेवतो. पान वाढलं तेवढ्यात आतून आबा कण्हले.
"घरात कुणी आजारी?"
"तुमचा विषय," मी म्हटलं.
त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि वरण मागितलं. हात धुतले, सुपारी कातरली, खोलीच्या दारावरून गेले. दार उघडंच होतं.
ज. रात्री म्हणाली, "मानूस वाईट नही शे. दुपारफाइन बोली ऱ्हायना व्हता, थकना व्हई." बायकोचा स्वभाव चांगला असला की नवऱ्याला फार त्रास होतो.

३ मे
आज जे झालं ते एखाद्या साप्ताहिकात लिहिलं तर संपादक म्हणतील, मास्तर, इतकं वाढवू नका.
संध्याकाळी खाट पोईवर टेकवलेली, आबा पीत आहेत. सडकेवरून धुरळा उडवत गाडी आली. गाडीत दौलत, हिंमत, भिका. तिघे एकत्र. माझ्या लग्नानंतर या तिघांना मी एका गाडीत पाहिलेलं नाही. त्यांच्या मागे बाभळीची सुकी लाकडं रचलेली, वर कोरं कापड. हिंमतची मिशी सफाचट.
कुण्या वाटसरूनं त्यांच्या गावात सांगितलं होतं: मास्तराच्या सासऱ्याला चौघांनी खांद्यावर नेलं, तोंडावर पांढरं होतं. रोज दोनदा नेतात हे त्याला कसं माहीत असणार.
पंधरा दिवस एक घागर येईना. लाकडं एका दुपारीत आली.
आबांनी पेला खाली ठेवला, तिघांकडे पाहिलं.
"कारे हिंमत, मिशी कोठे गयी?"
"गरमी व्हयी ऱ्हायनी व्हती, आबा."
नथू पोईमागे जाऊन हसून आला.
मी म्हटलं, गाडी आलीच आहे. बाप समोर आहे. उचला.
दौलत जमिनीकडे बघत म्हणाला, "दाजी, महिना पुरा नही व्हयना. अधुरा वाण परत लेवो तं पाप लागस."
"लाकडं आणताना महिना पाहिला नव्हता?"
यावर भिका, तिघांत धाकटा आणि सगळ्यांत व्यवहारी, अगदी साधेपणानं म्हणाला, "दाजी, लाकडं परत लई जावाले बैल थकतीन. तुम्हना वाडामा ऱ्हाऊ द्या ना. पुढे लागतीनच."
मी काही बोलायच्या आत आबाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चांगला शेतस."
तिघांनी लाकडं माझ्या वाड्यात उतरवली, बापाच्या पाया पडले, गेले. कोरं कापड मात्र परत नेलं.

४ मे
त्याच लाकडांवर ज.नं आबांच्या आंघोळीचं पाणी तापवलं. बाभूळ छान जळते. आंघोळीच्या पाण्याला नियम नाही. नियम गळ्याखालचा आहे. आबा आज प्रसन्न. "पोरेस्नी लाकडं तं वाळेल आनी," म्हणाले.

६ मे
शेठजींनी बोलावलं. पोईला लोक 'मुडद्यानी पोई' म्हणू लागलेत. दोन लग्नाच्या वऱ्हाडांनी म्हणे पोई टाळली. (मलमासात लग्नं कुठली, हे मी विचारलं नाही.) "मास्तर, पुण्य तर मला हवंच, पण असं नको." खाट बंद.
"मग म्हाताऱ्यानं काय प्यावं?"
शेठजी खरोखर विरघळले. डोळ्यांत पाणी आलं. तेवढं पाणी आबांना चाललं असतं. म्हणाले, हा प्रश्न एका घरचा नाही, गावोगावचा आहे, मंडळ तो हाती घेईल. घरोघर जाऊन वृद्धांना बघणारा एक सेवक नेमावा की नाही याचा विचार करण्यासाठी समिती. चिटणीस मी, कारण माझं अक्षर चांगलं.
उद्या मी मलाच पत्र लिहीन आणि मलाच उत्तर देईन की विचार चालू आहे.

८ मे
शाळेला सुटी लागली. आबांचा नवा तोडगा: डांगर. तापीच्या वाळूतलं खरबूज. ना मुलीचं, ना विहिरीचं. नथू पाटीभर आणतो. ज. फोडी करून भरवते. दोन दिवस बरं चाललं.

१० मे
डांगरांनी पोट गेलं. काल दुपारपासून सात वेळा. ज.नं सगळी जुनी लुगडी फाडून घड्या केल्या. माझं धोतरही गेलं, ते बरंच झालं, जुनं होतं. तिची पाठ धरली आहे. वाकली की भिंतीला हात लावून उठते. मी आता पालीकडे बघत नाही. पाल गेली असावी, किंवा सवय झाली.
आबांची जीभ लाकडासारखी. बोललेलं कळत नाही. तांब्या नेला की ओठ मिटतात, ते मात्र स्पष्ट कळतं.
दुपारी तिचा आवाज ऐकला, बावीस वर्षांत न ऐकलेला. ओरडली नाही. खाटेशी उभी राहून म्हणाली,
"वांझ मी शे, आबा. मन्ही इहीर नही."
आबांनी डोळे मिटून घेतले. ती बाहेर आली, लाकडं फोडायला बसली. मी कुऱ्हाड घ्यायला गेलो तर दिली नाही.
संध्याकाळी ओला फडका ओठांवर ठेवू दिला. चोखला की नाही, तिनं पाहिलं नाही, मी पाहिलं. थोडा चोखला.

११ मे
पोट थांबलं. फडका चालतो. फडक्याला कुणाच्या घरचं म्हणता येत नाही, असा काहीतरी हिशोब असेल. मी विचारत नाही. तांब्याभर पाण्याला जिथे दिवस लागायचा नाही तिथे फडक्यानं दिवस काढतो आहोत.

१४ मे, सोमवार. निज वै. शु. १
धोंड्याचा महिना काल संपला. आज हिंमतचा खरा वैशाख. ज.नं सकाळीच आबांचे केस विंचरले, घोंगडी झटकून घडी घातली. दिवसभर गाडी नाही. दिवे लागताना त्यांच्या गावचा एक जण निरोप देऊन गेला: अक्षय्य तृतीयेची आखाजी तोंडावर, घरात पाहुणे, आखाजी झाली की बघू.
घोंगडी परत पसरली.

१६ मे, बुधवार. आखाजी
पहाटेपासून गल्लीत झोके, माहेरवाशिणींची गाणी. खानदेशात आज प्रत्येक लेक माहेरी असते, आणि प्रत्येक घरात गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरली जाते. मेलेल्याला तहान लागते यावर इथे कुणाचं दुमत नाही.
आठच्या सुमारास घुंगरू. हिंमत. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली, नवं पागोटं, मिशी ब्रशासारखी उगवलेली. आत आला तो थेट ज.कडे.
"बई, चाल. तुले लेवाले उनू."
"आणि आबा?" मी.
"गाडीमा जागा नही, दाजी. वाटमा काकानी पोर बी बसाडनी शे."
खाट आतल्या खोलीत, मधे एक दार. त्यानं आवाज खाली आणला होता एवढं कबूल करतो.
मला बरंच बोलायचं होतं. महिनाभर वाक्यं घासून ठेवली होती. ज.नं बोलू दिलं नाही. पदर खोचून म्हणाली,
"मन्हं माहेर आठे खाटलावर पडेल शे. तू जाय, भाऊ. काकानी पोर वाट देखत व्हई."
गेला. झुली छान होत्या.

नंतर तिनं अंगणातल्या आमच्या विहिरीची घागर भरली. वर लहान मडकं, त्यावर आंबा, फूल. ही घागर मुलगे भरतात. हिनं भरली, भटजी नाही, मंत्र नाही. नेऊन आबांच्या खाटेशी ठेवली.
आबांनी मान वळवून घागरीकडे पाहिलं.
"कोनी घागर शे?"
"मायनी."
त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. गल्लीत कुणीतरी झोक्यावरून जोरात हसलं.
"मंग तुन्हं पानी नही हाई."
"नही. मायनं शे."
"इहीर?"
"घागरमा उनं का मायनं."
घागरीत आलं की मायचं, यावर मला तीन आक्षेप सुचले, पितरांचं पाणी जिवंतानं प्यावं का हा पहिला. आयुष्यात प्रथमच तोंड मिटून उभा राहिलो.
"दे," आबा म्हणाले.
तिनं मान उचलून धरली. दोन पेले प्यायले. तिसऱ्याला धाप लागली, थांबले, तिसराही प्यायले. मग म्हणाले, "तिना हातनं पानी गोडच राहे," आणि झोपले.

ज. ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसली आहे. तिच्यानं आज पुन्हा उठवेल असं दिसत नाही; रात्रीची कूस मी आणि नथू बदलू.
म्हटलं, मायची घागर एका दिवसाची. उद्या?
"उद्या आजीनी भरसु. परवा पंजीनी. पितर भलता शेतस."
पितर पुष्कळ आहेत, पुरतील. तिची पाठ किती दिवस पुरेल ते कळत नाही. समितीची बैठक शेठजींनी ज्येष्ठावर ढकलली आहे.